रात्रीत उतरणारी बॅटरी

मंगळवार, २५ नोव्हेंबर

जीप आज सुरू झाली नाही. सहाला सेल्फ मारला तर नुसतं 'टक्'. मागच्या सीटवर नानी शाल गुंडाळून बसलेल्या, मांडीवर डब्याची पिशवी. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, थंडी आहे, होईल. हे खरं नव्हतं. काय झालंय ते मला ठाऊक नव्हतं.

ऊसतोडीच्या टोळीतल्या चौघांनी धक्का मारला तेव्हा कुठे इंजिन लागलं. मंचरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत आठ वाजून गेले आणि नानींच्या वेळेला दुसरा पेशंट लावला होता. दुपारी बारापर्यंत बाकावर बसून राहिलो.

ही वही सुरू करतेय ती यासाठीच. नीट नोंदी ठेवल्या तर दोष सापडेल, असं निदान मला शिकवलं गेलं होतं. तर पहिली नोंद: जीप दोन हजार चारची, डिझेल. माझे सासरे, तात्या, तिच्यावर बोरी ते आळेफाटा वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेऊन प्रवासी वाहतूक, करायचे. ते गेल्यावर दीड वर्ष ती शेडमध्ये उभी होती. साळुबाई नानी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, त्यांना मंगळवार-शुक्रवार डायलिसिस लागलं आणि इतक्या सकाळी गावातून दुसरं वाहन नाही, म्हणून मी त्रेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. गावाला अजून ती गंमत वाटते.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आळेफाट्याहून गेणभाऊ आले. तात्यांच्या काळापासून ही जीप त्यांच्याच हाताखाली आहे. त्यांनी बॅटरीत पाणी भरलं, इंजिन चालू ठेवून मीटर लावला. चौदा पूर्णांक एक. "चार्जिंग झ्याक हाय, वहिनी. बॅटरी चार वर्षांची, पण हिच्यात जीव हाय अजून. आतून काहीतरी करंट खातंय, पण दिसंना."

"मग शोधायचं कसं?"

"तुमी शास्त्र शिकलेल्या, तुमीच सांगा राव." ते हसले. मला हसू आलं नाही. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र होतं आणि शिकवणीला येणाऱ्या मुलांना मी विद्युतधारा शिकवते, ही गोष्ट ते विसरत नाहीत.

ऊस तुटायला लागल्यापासून वाघरू, म्हणजे बिबट्या, मोकळं फिरतंय. खालच्या वस्तीवरचा कुत्रा नेला. दिवस मावळला की गावात दारं बंद होतात, आमचंही. नानींच्या दोन शेळ्या गेल्या आठवड्यातच आमच्या मागच्या गोठ्यात, जीपच्या शेडसमोर, आणून बांधल्यात. डायलिसिसच्या थकव्यातही त्यांना शेळ्यांचीच जास्त काळजी. सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, जावेला सांगून टाकलं, "साळे, तू गप पड. मी रोज सांजच्याला गाडीपाशी दिवा लावती. तुज्या शेरडांना काय व्हत न्हाई."

ऐकून मला भरून आलं. गाडी म्हणजे त्यांना तात्याच. तुळशीला लावतात तसा तिथेही दिवा.

शुक्रवार, ५ डिसेंबर

पुन्हा 'टक्'. भरतला फोन केला. माझा नवरा चाकणला कंपनीत असतो, रविवारी येतो. तो म्हणाला, "नवी बॅटरी टाक आणि विषय संपव." शेजारच्या पिकअपने नानींना नेलं, पाऊण तास उशीर झाला.

गेणभाऊंचं म्हणणं होतं की बॅटरीत दोष नाही. मी ऐकलं नाही. उद्या नवी आणते. जुनी बदल्यात दुकानात देऊ नका, असं ते म्हणाले, म्हणून ती शेडच्या कोपऱ्यात ठेवीन.

मंगळवार, १६ डिसेंबर

लिहायला हात धजत नाही, पण लिहायला हवं.

नवी बॅटरी, दहा दिवसांची, आज सकाळी पूर्ण बसली होती. पिकअप जुन्नरला गेलेला. टोळी दुसऱ्या गावात. दोघी-तिघींनी धक्का मारून जीप हलली, लागली नाही. नानींचं डायलिसिस चुकलं. संध्याकाळी त्यांना धाप लागली. झोपता येईना म्हणून भिंतीला टेकून बसल्या. रुग्णवाहिका बोलावली, तातडीने मशीनला लावलं. आता बऱ्या आहेत.

परत येताना म्हणाल्या, "इंदे, तू काय वाईट वाटून घिऊ नको. गाडी म्हातारी, मीबी म्हातारी." माझा हात त्यांनी घरापर्यंत सोडला नाही. त्यांनी मला दोष दिला असता तर सोपं गेलं असतं.

बुधवार, १७ डिसेंबर

दादाभाऊंचा भोसरीहून फोन. नानींचा मुलगा. आवाज चढला नाही, पण शब्द पक्के होते. "वहिनी, तुमी लई केलं. पण हे असं नाय चालणार. संक्रांतीला येतो आन आईला घेऊन जातो. हितं घरापासून दहा मिनिटांवर सेंटर हाय."

त्यांचं बरोबर आहे. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आहेत एवढंच. मी नानींना सांगितलं तेव्हा त्या शेळीच्या अंगावरून हात फिरवत होत्या. "तिकडं मला वळखतं कोण?" इतकंच म्हणाल्या. आत्या भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण भाकरी तव्यावर करपली. पन्नास वर्षं या दोघी एका वाड्यात भांडत आल्यात.

म्हणजे माझ्या हातात संक्रांतीपर्यंतचे दिवस आहेत. जीप भरवशाची झाली तर नानी राहतील.

एक गोष्ट लपवायची नाही म्हणून लिहिते. आज बिलावरचा नंबर बॅटरीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. गेणभाऊंनी नवी काढून दुसरीच बसवली असेल, असं मनात आलं होतं. नंबर जुळला. मला माझीच लाज वाटली.

शनिवार, २० डिसेंबर

गेणभाऊंनी मीटर माझ्याकडे ठेवून दिला. आज दुपारी, सगळं बंद करून, निगेटिव्ह तार सोडवली आणि तार अन् बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला. काही चोरून करंट खात असेल तर आकडा दिसला पाहिजे. आकडा आला ०.०२. म्हणजे जवळजवळ शून्य. तरीही एकेक फ्यूज काढून पाहिला. हॉर्न, वायपर, लाइट, हिटर. आकडा हलला नाही.

गेणभाऊंना फोनवर सांगितलं. "म्हंजी गाडी दिवसा शहाणी आन रात्री येडी," ते म्हणाले.

रात्री बाहेर जाऊन मीटर लावायचा तर वाघराची भीती. भरतने शपथ घातली आहे.

मंगळवार, २३ डिसेंबर

काल दुपारीच निगेटिव्ह तार काढून ठेवली. आज सकाळी जोडली, सेल्फ मारला, पहिल्या फटक्यात सुरू! म्हणजे बॅटरी चांगली आहे आणि गाडीतच काहीतरी तिला खातंय. हे सिद्ध झालं. मंचरच्या वाटेवर नानींना मी हे इतक्या उत्साहाने समजावलं की त्यांना झोप लागली.

आत्या मात्र कुरकुरत होत्या. "काल दिवाच लागंना. चार येळा केलं."

मी म्हटलं, वारा असेल. येताना मंचरहून त्यांना तिळाच्या तेलाची बाटली, वाती आणि नवी काड्यापेटी आणली. त्यांनी बाटली हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. "आन हे कशाला?"

"दिव्याला."

"बरं," म्हणाल्या आणि बाटली फडताळात ठेवली.

शुक्रवार, २६ डिसेंबर

आजचं मला कळत नाही.

काल दुपारी तार काढली होती. मला आठवतं की पाना घेऊन मी शेडमध्ये गेले, क्लॅम्प सैल केला, तार बाजूला वळवून ठेवली. आज पहाटे बॉनेट उघडलं तर तार जागच्या जागी, घट्ट. क्लॅम्पवर एक ताजा ओरखडा. सेल्फ तिसऱ्या प्रयत्नाला कसाबसा फिरला.

म्हणजे मी काढलीच नव्हती? की कालचं आणि सोमवारचं मी एकत्र करते आहे? आईला पन्नाशीनंतर विसरायला व्हायचं. मी पंचेचाळिशीची आहे. गेणभाऊ हळुवारपणे म्हणाले, "व्हतं असं, वहिनी. डोक्याला ताप कमी हाय का?" त्या हळुवारपणाने मी जास्त घाबरले.

ज्या हातांवर माझा भरवसा नाही, त्यांच्या भरवशावर नानींना ठेवून घ्यायचं का? दादाभाऊंकडे गेलेलं बरं, असं आज पहिल्यांदा वाटलं.

आत्या खुशीत होत्या. "काल दिवा लागला बरं का. बिघाड सापडला मला." मी 'हो का' म्हणाले. गुडघ्याला तिळाचं तेल चोळत बसल्या होत्या. म्हटलं, दिव्याचं तेल गुडघ्याला? तर म्हणतात, "मग काय गाडीला लावू?" नानींना इतकं हसू आलं की ठसका लागला.

सोमवार, २९ डिसेंबर

आत्या आणे गावी बहिणीकडे गेल्या, शुक्रवारी येतील. भरत आज थांबला होता, त्याने पोचवलं. जाताना मला म्हणाल्या, "शेरडं घरात, माजघरात घे. गाडीपाशी मी न्हाई." घेतली. माजघराला शेळ्यांचा वास येतोय.

दुपारी गेणभाऊ येऊन अर्थिंगची तार घासून, साफ करून गेले.

शुक्रवार, २ जानेवारी

मंगळवारी पहिल्या फटक्यात. आजही पहिल्या फटक्यात, आणि तार मी काढलेली नव्हती! अर्थिंगच असणार. गेणभाऊंना फोन करून अभिनंदन केलं. दादाभाऊंनाही सांगितलं. ते म्हणाले, "बघू, संक्रांतीपर्यंत असंच चाललं तर." 'बघू' हा शब्द मी दिवसभर मनात घोळवला.

येताना आत्यांना आळेफाट्याच्या स्टँडवरून घेतलं. दोघी जावा मागे बसून शेंगा खात, एकमेकींच्या चुका काढत घरी आल्या. आज खूप दिवसांनी भूक लागली.

मंगळवार, ६ जानेवारी

'टक्'.

पिकअप होता म्हणून डायलिसिस चुकलं नाही. परत आल्यावर नानींनी आपली दोन लुगडी पेटीतून काढून पिशवीत भरली. आत्यांनी ती पिशवीतून काढून पुन्हा पेटीत ठेवली. मी दोन्ही वेळा दारात उभी होते.

गुरुवार, ८ जानेवारी

आज सकाळी कागद घेऊन रकाने पाडले. तारीख, गाडी सुरू झाली की नाही, आदल्या दिवशी काय केलं, थंडी किती. माझी स्मरणशक्ती बाजूला ठेवायची आणि फक्त वहीत लिहिलंय तेवढंच घ्यायचं, असं ठरवलं.

पहिल्या पानापासून वाचत आले. गाडी व्यवस्थित सुरू झाल्याच्या तारखा: २३ डिसेंबर, ३० डिसेंबर, २ जानेवारी. २३ डिसेंबरच्या आदल्या दिवशी तार काढलेली. पुढच्या दोन वेळा अर्थिंग. पण अर्थिंग अजूनही स्वच्छ आहे, मग सहा तारखेला काय झालं? त्या आठवड्यात वेगळं काय होतं? आत्या आण्याला होत्या. मी तेही लिहिलं, रकाना भरायचा म्हणून.

मग २३ तारखेची ओळ परत वाचली. 'काल दिवाच लागंना. चार येळा केलं.' त्या रात्री बॅटरीची तार निघालेली होती.

२६ तारीख. 'काल दिवा लागला बरं का. बिघाड सापडला मला.' आणि क्लॅम्पवर ओरखडा.

सगळं माझ्याच अक्षरात होतं. मी पानावर बोट ठेवून किती वेळ बसले, माहीत नाही. शिकवणीची मुलं येऊन गेली, त्यांना पाढे लिहायला सांगितलं. नववीतल्या मुलांना.

सूर्य टेकायच्या सुमारास मागे गेले. आत्यांनी शेळ्या आत घेतल्या, कडी घातली. मग पदर खोचून जीपचं दार उघडलं, एक पाय आत ठेवला आणि डॅशबोर्डवरचं लाइटचं बटण बाहेर ओढलं. एकच खटका, छोट्या लाइटचा. पुढचे दोन पिवळे दिवे गोठ्याच्या दारावर पडले. शेळ्यांचे डोळे चमकले.

"आत्या, हाच का दिवा?"

"मग? सांगितला नव्हता का तुला, रोज लावती म्हणून? वाघरू आलं की तात्या असाच लावून ठेवायचे. उजेडाला येत न्हाई ते. पहाटं पाचला उठून मी मालवते. तू उठायच्या आदुगर."

"आणि तार?"

"निसाटली व्हती की! म्या बसवली." त्यांनी सीटखालून एक गुळगुळीत गोटा काढला. "ह्यानं ठोकायची. तात्यांनीच दाखवलेलं. मी बी वडाप करणाऱ्याची बायको हाय, इंदे."

बटणावर अजून त्यांचा हात होता. मी काय बोलले ते नेमकं आठवत नाही. एवढंच की, रात्रभर दिवा चालला तर सकाळी सेल्फला काही उरत नाही. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता. पण त्या हुशार आहेत.

"इंजान बंद असताना पण खातो व्हय दिवा?" त्यांनी विचारलं. मग बटणाकडे बघत, "तात्या तर रोज गाडी मारायचे. दिसभर." मग त्या जीपच्या पायरीवर बसल्या. "म्हंजी साळीची गाडी मीच बंद पाडली? तिला धाप लागली ती..."

"नाही. तुम्ही मला तीनदा सांगितलंत. मी गेणभाऊंना विचारलं, भरतला विचारलं, फ्यूजना सुद्धा विचारलं. तुम्हाला एकदाही विचारलं नाही."

हे मी त्यांचं समाधान करायला म्हटलं नाही. गाडीतलं आत्यांना काय कळणार, असं मी कधी ठरवलं, ते मला आठवत नाही. ठरवावंही लागलं नाही. दिव्याला तेल आणून दिलं तेव्हा मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं.

त्यांनी बटण आत ढकललं. "मग शेरडांचं काय?" आज शेळ्या पुन्हा माजघरात आहेत.

शनिवार, १० जानेवारी

गेणभाऊंना सगळं सांगितलं. ते शेडमध्येच खाली बसून हसले. "मावशे, तात्यांनी तुला मेकॅनिकी शिकवली आन मला सांगितलं न्हाई?" आत्या म्हणाल्या, "तू कुठं विचारलं?" हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

बिलाचा नंबर ताडून पाहिल्याचंही मी त्यांना सांगितलं. सांगितल्यावाचून राहवेना. त्यांचं हसू थांबलं. तार सोलत राहिले. मग म्हणाले, "ताडला ते ठीक. जुळल्याव गप बसला असता तरी चाललं असतं." चहा मात्र दोनदा घेतला. माफी मिळाली की नाही, हे मला नक्की सांगता येणार नाही.

तोडगा त्यांचाच. कोपऱ्यातली जुनी बॅटरी, मी मेली म्हणून टाकून दिलेली, गोठ्याशेजारी फळीवर ठेवली. छपरावर एक लहान सोलर पाटी. दाराच्या वर एक कमी करंट खाणारा दिवा. "म्हटलं व्हतं ना, जीव हाय म्हणून," गेणभाऊ बॅटरीवर थाप मारत म्हणाले. ती थापसुद्धा मलाच होती.

भिंतीला साधं बटण लावायला निघाले तर आत्या अडून बसल्या. "असलं नको. वढायचं पायजे." शेवटी जीपमधलं जुनं बटण काढून गोठ्याच्या खांबाला बसवलं, जीपला दुसरं घातलं.

मंगळवार, १३ जानेवारी

पहिल्या फटक्यात. चार रात्री तार जोडलेलीच होती, आत्या घरीच होत्या. तरी एका वेळेवरून निष्कर्ष काढायचा नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. दादाभाऊ आले. मी त्यांच्यापुढे रकान्यांचा कागद ठेवला आणि काहीही न वगळता सांगितलं. म्हटलं, दोष सापडलाय असं मला वाटतं, पण पुरावा अजून एकाच मंगळवारचा आहे. निर्णय तुमचा.

त्यांनी कागद वाचला, मग आईकडे बघितलं. नानी तिळाची वडी खात होत्या. "माज्याकडं काय बघतो? मला न्यायचं तर शेरडंबी न्यावी लागतील. चौथ्या मजल्याव."

"आन मलाबी," आत्या आतून ओरडल्या. "दिवा कोण लावणार तिथं?"

दादाभाऊंनी कागदाची घडी घातली. "मार्चपर्यंत बघू. एकजरी डायलिसिस चुकलं तर मात्र मी ऐकणार नाय, वहिनी." मी हो म्हणाले. ही अट मला योग्यच वाटते. धापेची ती रात्र मी कागदावर लाल शाईने लिहिली आहे.

शुक्रवार, १६ जानेवारी

पहिल्या फटक्यात. सव्वासातला मंचर. नर्सबाई म्हणाल्या, आज लवकर आलात.

नानींची लुगडी पेटीतच आहेत. परत आल्यावर त्या गोठ्यात शेळ्यांपाशी बसल्या आणि आत्यांनी तो गुळगुळीत गोटा जीपच्या सीटखालून काढून बॅटरीच्या फळीवर ठेवला. आता तो गोठ्यातच असतो, वेळ पडली तर ठोकायला म्हणून.

दिवस मावळताना मी स्वयंपाकघरात होते. आत्या हात पुसत आत आल्या. "लावला गं दिवा."

"कुठला, तुळशीचा की गोठ्यातला?" मी विचारलं. हल्ली विचारते.

"दोन्ही," त्या म्हणाल्या.